प्रकाश कोणाच्या बाजूचा?

दिवा लावताना आपण हात जोडतो. कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने होते, शाळांच्या बोधचिन्हांवर ज्योत असते. अज्ञान म्हणजे अंधार आणि ज्ञान म्हणजे प्रकाश, असे म्हणण्याची आपल्या भाषेला इतकी सवय झाली आहे की प्रकाश म्हणजे चांगलेच असणार, हे आपण गृहीत धरतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या भागात राहणाऱ्यांना तर प्रकाशाची उणीव सहसा जाणवतच नाही. मध्यरात्रीही रस्ते, बाजार आणि इमारतींची फाटके उजळलेली असतात.

तरीही साधकाने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. प्रकाश पडतो तेव्हा कोण दिसते आणि कोण दिसत नाही? ज्याच्या हातात दिवा आहे, तोही त्या प्रकाशात दिसतो का?

प्रश्न साधा वाटतो, पण दुसऱ्याविषयी आपल्याला जे जे कळते त्या सगळ्याची नीती त्यात दडलेली आहे. त्याचा विचार करायला एक चांगली जागा दिल्लीपासून दूर, कोकणच्या किनाऱ्यावर आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरीला जातात. त्याच दिवसांत, अमावास्येच्या आसपासच्या एखाद्या रात्री, तिथला समुद्र पेटल्यासारखा दिसू शकतो.

स्पर्शाने उजळणारे पाणी

लाट फुटते आणि तिच्या कडेवर निळसर रेघ उमटते. ओल्या वाळूवर पाऊल टाकले की पावलाभोवती ठिणग्या उडाल्यासारखे दिसते. पाण्यात हात फिरवला तर बोटांमागे प्रकाशाचे पट्टे ओढले जातात. नोव्हेंबर २०२० मध्ये कोकणातील किनाऱ्यांवर आणि मुंबईत जुहूला असा समुद्र दिसल्याच्या बातम्या आल्या, आणि टाळेबंदीतून नुकतेच बाहेर पडलेले लोक रात्री तो पाहायला गेले.

याला जीवदीप्ती म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर ती बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवामुळे दिसते. हा जीव म्हणजे एकच पेशी, मोहरीच्या दाण्याहून लहान. पावसाळ्यानंतर समुद्रात अन्नद्रव्ये मुबलक असली की त्याची संख्या प्रचंड वाढते. दाट झाला की दिवसा पाणी लालसर किंवा हिरवट दिसते आणि रात्री तेच पाणी चमकते. त्याच्या पेशीत लुसिफेरिन नावाचे द्रव्य असते. लुसिफेरेज या विकराच्या साह्याने त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की प्रकाश निर्माण होतो. या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसतेच. एका जीवाची चमक सेकंदाच्या दहाव्या भागाइतकीही टिकत नाही. आपल्याला पट्टा दिसतो, कारण असे लाखो जीव एकामागून एक चमकतात.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे. हा जीव शांत पाण्यात आपणहून तेवत राहत नाही. त्याला धक्का लागला, पाणी हलले, कोणी त्याला खायला आले, की तो चमकतो. असे का, याविषयी शास्त्रज्ञांनी दोन शक्यता मांडल्या आहेत. एक म्हणजे अचानक झालेल्या चमकेने खाणारा दचकून दूर होतो. दुसरी अधिक विचार करायला लावणारी आहे. खाणारा त्या प्रकाशात उघडा पडतो आणि त्याला खाणाऱ्या मोठ्या जीवाला तो दिसतो. घरात चोर शिरल्यावर घंटा वाजावी, तसा हा प्रकाश आहे.

म्हणजे ज्याला आपण समुद्राचे सौंदर्य म्हणतो, तो त्या लहान जीवाच्या बाजूने पाहिले तर इशारा आहे. जो स्पर्श करतो, त्याला दाखवणारा हा प्रकाश आहे.

मासाही दिसतो, जाळेही दिसते

अशा रात्री गुडघाभर पाण्यात उभे राहून मासेमारी करणाऱ्याची स्थिती मोठी विलक्षण असते. कोकणात गरी टाकून मासे धरायला गरवणे म्हणतात. हाताने फेकायच्या गोल जाळ्याला पाग म्हणतात. पेटलेल्या पाण्यात मासा वळला की त्याची वाट प्रकाशाने आखली जाते. एरवी काळ्याकुट्ट पाण्यात जे कळले नसते, ते डोळ्यांना सहज दिसते. माशांचा थवा खालून जात असेल तर पाण्यात उजेडाचा ढग सरकावा तसे दिसते. जगातल्या अनेक किनाऱ्यांवरचे मच्छीमार पिढ्यानपिढ्या या खुणेवरून रात्री मासळीचा माग काढत आले आहेत.

पण समुद्र तेवढ्यावर थांबत नाही. मच्छीमाराचे पायही उजळतात. गरीची दोरी पाणी कापते तिथे रेघ उमटते. पाग पाण्यावर पडला की प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ उठते. पाण्यात उभे लावून ठेवलेले जाळे असेल, तर प्रवाहाने हलणाऱ्या त्याच्या दोऱ्याही चमकतात आणि मासा ते पाहून वळू शकतो. म्हणून पेटलेले पाणी दिसले की मच्छीमाराला निव्वळ आनंद होत नाही. ज्या उजेडात त्याला मासा सापडतो, त्याच उजेडात माशाला जाळे सापडते.

समुद्राला न्याय करायचा असतो, असे कोणी समजू नये. त्या एकपेशीय जीवाला ना मच्छीमाराची पर्वा, ना माशाची. तरीही त्याच्या प्रकाशाचा एक गुण आपण लक्षात घ्यावा. तो कोणाला झाकत नाही. पाण्याला जो हात लावील तो दिसेल, मग तो मासा असो, माणूस असो की त्याचे जाळे.

इथे कोणी म्हणेल, मासे मारण्यात हिंसा आहे, तिथे नीतीची चर्चा कशाला? अहिंसेचा आग्रह धरणाऱ्याने तो स्वतःच्या ताटापासून जरूर धरावा. पण महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याला धर्म समजून घ्यायला मिथिलेतल्या एका व्याधाकडे, मांस विकणाऱ्याच्या दुकानात, जावे लागले, हे आपण विसरू नये. ज्याच्या व्यवसायात हिंसा आहे, त्याच्याजवळही मर्यादेचे ज्ञान असू शकते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात न घालण्याची कोळी समाजाची परंपरा अशाच मर्यादेची आहे. पावसाळ्यात समुद्र धोक्याचा असतो आणि अनेक मासे त्याच काळात अंडी घालतात. घेण्याआधी थांबायचे असते, हे त्या परंपरेने वर्षानुवर्षे शिकवले.

दुसरा प्रकाश

त्याच किनाऱ्यासमोर, थोडे खोल समुद्रात, रात्री दुसऱ्या जातीचा प्रकाश दिसतो. तो जनरेटरवर चालणाऱ्या एलईडी दिव्यांचा असतो. बोटीवरून, कधी थेट पाण्यात सोडून, हे प्रखर दिवे लावले जातात. त्या उजेडाकडे लहान जीव येतात, त्यांच्यामागे मासे आणि म्हाकूल येतात. पुरेशी मासळी गोळा झाली की भोवती पर्ससीन जाळे टाकून ते खालून बटव्यासारखे आवळले जाते. त्यात मोठी मासळी येते, तशी अजून वाढ न झालेली लहान पिल्लेही येतात.

या दिव्यातही मासा दिसतो. पण माशाला दिवाच दिसतो, दिव्यामागचा हात आणि भोवतीचे जाळे दिसत नाही. पाहणारा सगळे पाहतो आणि स्वतः अंधारात राहतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी आणि इतर कृत्रिम दिव्यांच्या साह्याने मासेमारी करण्यावर बंदी घातली. आदेश दिल्लीतून निघाला. मात्र त्यानंतरही हा प्रकार सुरूच असल्याची तक्रार सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत, त्यासाठी त्यांनी आंदोलनेही केली आहेत. यात रापणकर आहेत. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात सोडून दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. ते ओढायला अनेक हात लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. ओढायला हात लावणाऱ्या वाटसरूलाही चार मासे मिळतात. मासळी खोल समुद्रातच दिव्याखाली अडकली, तर किनाऱ्यावरच्या रापणीत काय येणार, हा त्यांचा साधा प्रश्न आहे.

एलईडी बोटीवरचा माणूस दुष्ट आहे, असा निकाल देण्याची घाई करू नये. त्याच्यावरही कर्जाचे हप्ते असतात, डिझेलचा खर्च असतो, खलाशांची घरे त्याच्यावर अवलंबून असतात. दोष शोधण्याऐवजी आपण दोन प्रकाशांमधला फरक समजून घेऊ. फरक तेजाचा नाही. पहिला प्रकाश घेणाऱ्यालाही दाखवतो, दुसरा घेणाऱ्याला लपवतो. पहिल्यात ज्ञान आहे. दुसऱ्यात प्रकाशाचे हत्यार झाले आहे.

नाटकदीप

आपल्या वेदान्तपरंपरेत या फरकाचा अतिशय सूक्ष्म विचार झाला आहे. विद्यारण्यस्वामींच्या पंचदशी या ग्रंथाचे दहावे प्रकरण नाटकदीप या नावाने ओळखले जाते. नृत्यशाळेत एक दिवा तेवत असतो. तो यजमानाला उजळतो, प्रेक्षकांना उजळतो आणि नर्तकीलाही उजळतो. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. सगळे उठून गेले तरी तो रिकामी शाळा उजळत राहतो. साक्षी चैतन्य असे आहे, हे सांगण्यासाठी हा दृष्टान्त आला आहे. त्यात यजमान म्हणजे अहंकार, प्रेक्षक म्हणजे विषय आणि नर्तकी म्हणजे बुद्धी.

या दृष्टान्तात एक गोष्ट अनेकदा निसटते. यजमान स्वतः प्रकाशाच्या कक्षेत आहे. शाळा त्याची, कार्यक्रम त्याचा, पण दिव्यापुढे तोही पाहिला जाणाराच. अहंकाराला हे सोसवत नाही. त्याची खरी इच्छा अशी असते की दिवा आपल्या हातात असावा आणि आपण मात्र अंधारात असावे. सगळे आपल्याला कळावे, आपण कोणाला कळू नये.

साधनेची दिशा याच्या उलट आहे. ‘मी पाहणारा’ असे म्हणणारा जो मी, तोही पाहिला जाऊ लागतो तेव्हा साक्षीभावाची सुरुवात होते. दुसऱ्याचा राग दिसला, त्याच क्षणी त्या रागाने आपल्या मनात उठलेली चिडही दिसली, तर समजावे की दिवा नृत्यशाळेतला आहे. फक्त दुसऱ्याचाच राग दिसत असेल, तर दिवा बोटीवरचा आहे.

आपल्या घरातला एलईडी

ही चर्चा समुद्रापुरती ठेवली तर सोपी जाईल. ती आपल्या फाटकापर्यंत आणू या.

दिल्ली परिसरातल्या मोठ्या निवासी सोसायट्यांमध्ये घरकामाला येणाऱ्या ताईंचे नाव, छायाचित्र, ओळखपत्र फाटकावर नोंदलेले असते. त्या आत आल्या की आपल्या मोबाईलवर सूचना येते. किती वाजता आल्या, आधी कोणाच्या घरी गेल्या, कधी बाहेर पडल्या, सगळे दिसते. दहा मिनिटे उशीर झाला तर तोही दिसतो. सुरक्षिततेसाठी अशी नोंद लागते, हे मान्य करू. पण त्याच ताईंना आपल्याविषयी काय दिसते? महिन्यातून किती सुट्ट्या मिळणार, आजारी पडल्यास पगार कापला जाणार का, आपण गावी गेलो तर त्या पंधरा दिवसांचे पैसे मिळणार का, हे अनेकींना आधी माहीतच नसते. त्यांचा उशीर मिनिटांत मोजला जातो आणि आपला पगार ‘उद्या देते हं’ म्हणून पुढे जातो. त्या ‘उद्या’ची नोंद कुठेच राहत नाही.

याला उपाय अवघड नाही. ज्या वहीत त्यांच्या रजा लिहिल्या जातात, त्याच वहीत पगार कोणत्या तारखेला दिला तेही लिहावे आणि वही त्यांच्यासमोर उघडी ठेवावी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी. एवढ्यानेच त्या वहीचा दिवा दोन्ही बाजूंना पडतो.

घरातही हेच आहे. वयात आलेल्या मुलाचा मोबाईल आईवडील तपासतात. काळजीपोटी तपासत असतील, पण आपण तपासतो हे त्याला माहीत आहे का? काळजी उघडपणे सांगता येते. संशयाला मात्र आडोसा लागतो.

आणि साधकांच्या मंडळीत तर हा धोका अधिक सूक्ष्म रूपात येतो. अहंकार, आसक्ती, रजोगुण, तमोगुण हे शब्द आपण अभ्यासाने शिकतो. ते स्वतःला पाहण्यासाठी मिळालेले दिवे आहेत. पण थोड्याच दिवसांत आपण ते बाहेर वळवतो. अमक्याचा अहंकार अजून गेला नाही, तमकीची आसक्ती फार, असे निदान होऊ लागते. ज्ञान वाढल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात आपली बोट अधिक प्रखर झालेली असते.

मग एकतर्फी प्रकाश नेहमीच वाईट का?

असा आक्षेप कोणी घेतला तर तो योग्यच आहे. डॉक्टर रुग्णाला तपासतात, रुग्ण डॉक्टरांना तपासत नाही. पोलीस चोराचा माग काढताना त्याला कळवून काढत नाहीत. आई झोपलेल्या बाळाकडे पाहते तेव्हा बाळाला त्याचा पत्ताही नसतो. इथे प्रकाश एका बाजूनेच पडतो आणि तरी तो अन्याय्य नसतो.

म्हणून कसोटी अधिक नेमकी करायला हवी. दोन्ही बाजूंना प्रत्येक क्षणी सारखेच दिसले पाहिजे, असा आग्रह शक्य नाही. प्रश्न असा विचारावा: ज्याच्यावर मी प्रकाश टाकतो आहे, त्याला माझा हात आणि माझा हेतू पूर्णपणे दिसला, तर मला चालेल का? डॉक्टरांना चालते. त्यांच्या चिठ्ठीवर त्यांचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, आणि ती चिठ्ठी घेऊन रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ शकतो. प्रामाणिक तपास अधिकाऱ्यालाही चालते, कारण शेवटी त्याला न्यायालयासमोर आपण काय केले ते उलगडून सांगायचे असते. आईला तर लपवण्यासारखे काहीच नसते. दीपस्तंभाचे उदाहरण याहून बोलके आहे. तो खडकाची जागा सांगतो, पण आधी स्वतः कुठे उभा आहे ते सांगतो.

हीच कसोटी बोटीवरच्या दिव्याला लावली तर उत्तर लगेच मिळते. माशाला जाळे दिसले तर तो दिवा निरुपयोगी ठरतो. जे ज्ञान समोरच्याला आपला हात दिसताच निकामी होते, ते वापरण्याआधी आपण थांबावे.

स्वतःचा हात

पेटलेल्या समुद्राविषयी अजून एक गोष्ट सांगायला हवी. नॉक्टिल्युका समुद्रात पूर्वापार आहे, त्यामुळे प्रत्येक चमक म्हणजे प्रदूषण असे नाही. पण किनाऱ्यावरचे सांडपाणी आणि शेतातली खते समुद्रात जातात, तेव्हा अशा जीवांचे दाट थर वाढायला मदत होते. ते थर मरून कुजू लागले की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि माशांना त्रास होतो. मोहक दिसणाऱ्या उजेडात कधीकधी आपलेच सांडपाणी मिसळलेले असते.

दिल्लीकरांना याचे उदाहरण दूर शोधायला नको. पावसाळा संपल्यावर, छठपूजेच्या सुमारास, कालिंदी कुंजजवळ यमुनेवर पांढराशुभ्र फेस तरंगतो. छायाचित्रात तो बर्फासारखा दिसतो. तो आपल्या घरांतून आणि कारखान्यांतून गेलेल्या साबणाच्या द्रव्यांचा आणि प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा फेस आहे. नदीने आपला हात आपल्याला दाखवला आहे. आपण मात्र तिचे छायाचित्र काढतो आणि ‘नदीची काय ही अवस्था’ असे म्हणतो, जणू आपण त्या चित्रात नाहीच.

रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. आज मला कोणाविषयी काय कळले? ते मी कशासाठी वापरले? आणि ते वापरताना माझा हात त्यांना दिसत होता का? उत्तरे लिहून ठेवायची गरज नाही. तिसऱ्या प्रश्नापाशी मन चुळबुळ करू लागले, तर तिथेच थोडे थांबावे. दुसऱ्या दिवशी त्या माणसाशी एक वाक्य उघडपणे बोलता आले, तरी त्या पाच मिनिटांचे सार्थक झाले.

आणि या हिवाळ्यात कोकणात जाणे झाले, तर अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. स्थानिकांना विचारून सुरक्षित किनाऱ्यावर जावे, मोबाईलचा दिवा बंद करावा आणि वीसेक मिनिटे काहीही न करता बसावे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. मग सावकाश पाण्यात पाऊल टाकावे. पाणी पेटलेले असेल तर सर्वांत आधी दिसेल ते आपलेच पाऊल.